एका तिकिटात दोन पिक्चर बघणारं पब्लिक: आधी लॉबीतली वाट बघा, मग बोर्ड लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये तीन पडद्यांचं एक थिएटर आहे आणि तिन्ही ऑडींची, म्हणजे पिक्चर दाखवायच्या हॉलची, दारं एकाच लॉबीत उघडतात. शो सुटला की काही जण, त्यात कॉलेजची मुलं जास्त, जिन्याकडे न जाता शेजारच्या ऑडीत शिरतात आणि एका तिकिटात दोन पिक्चर बघून घरी जातात. मालकांनी मॅनेजरना सांगितलंय की लॉबीत पोलीस कारवाईची ताकीद देणारे मोठे बोर्ड लावा आणि शो चालू असताना आणीबाणीच्या दारांना कुलूप घाला. मॅनेजर विचारतात, बोर्डावर काय लिहू, किती लावू आणि कुलपाचं काय करू?

कुलपाचं आधी सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. कुलूप लावू नका. साखळी नको, कडी नको, दारामागे जुन्या खुर्च्यांचा ढीगही नको. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ ला खालच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला, धूर बाल्कनीत चढला आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीच्या उजव्या अंगाची वाट जादा खुर्च्या बसवण्यासाठी बंद केलेली होती. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ही तारीख पाठ करायला हवी असं मला वाटतं. मालकांना हे शांतपणे सांगा आणि सोबत पर्यायही ठेवा: दार आतून नुसत्या ढकलण्याने उघडेल असा आडवा दांडा, बाहेरच्या बाजूला मूठच नाही, वर आपोआप दार लावणारा क्लोजर, आणि दार उघडताच मॅनेजरच्या टेबलावर वाजणारा बझर. आतला मित्र दार उघडून बाहेरच्या तिघांना घेतो तो प्रकार बझरने थांबतो. आग लागली तर मात्र तेच दार सगळ्यांना बाहेर सोडतं.

आता मूळ दुखणं. मी या धंद्यात डोअरकीपर म्हणून आलो. नाशिकच्या एका सिंगल स्क्रीनला, स्टॉलच्या दारात, हातात टॉर्च आणि खिशात फाडलेल्या अर्ध्या तिकिटांचा गठ्ठा. पुढे बुकिंगवर बसलो, मग मॅनेजर झालो, मग मल्टिप्लेक्स सांभाळलं. सर्कल, विजयानंद, मधुकर, दामोदर अशा टॉकीजांच्या त्या दिवसांत एका छताखाली एकच पडदा असायचा. शो सुटला की पब्लिक थेट रस्त्यावर. दुसरा पिक्चर फुकट बघायचा तर अर्धं गाव चालत जाऊन दुसऱ्या टॉकीजच्या डोअरकीपरला चुकवावं लागे, आणि तो डोअरकीपर बहुतेक ओळखीचाच निघायचा. मग एका छताखाली तीन-चार पडदे आले, पण त्यांच्यापुढची लॉबी एकच राहिली. पूर्वीच्या पोरांपेक्षा आताची पोरं जास्त लबाड आहेत असं काही नाही. आपण त्यांच्यापुढे बारा पावलांवर दुसरं उघडं दार ठेवलंय.

असंच तीन पडद्यांचं एक थिएटर, त्यांनी मला याच कामासाठी बोलावलं होतं. मी कुणाशी काही न बोलता एक दुपार नुसता पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी वही घेऊन उभा राहिलो. मंगळवार होता. तीन चाळीसला पहिली ऑडी सुटली. दार उघडलं, माणसं अंधारातून उजेडात आली आणि दारातच दोन-तीन सेकंद थबकली. डोळे बारीक, मागचे पुढच्यांना ढकलतायत, कुणी मोबाइल चालू करतंय. त्या दोन सेकंदांत समोर जे दिसतं तिकडे माणूस चालायला लागतो. समोर काय होतं? दुसऱ्या ऑडीचं दार, आणि त्यावर झगझगीत बॅकलिट पोस्टर. ‘बाहेर’चा बाण उजव्या हाताला होता खरा, पण त्याच्यापुढे येणाऱ्या पिक्चरच्या हिरोची सहा फुटी स्टँडी उभी केलेली. स्वच्छतागृह डावीकडे, तिसऱ्या ऑडीच्या पलीकडे. म्हणजे तिकडे जाऊन परतणारा प्रत्येक जण तिसऱ्या ऑडीच्या अर्धवट उघड्या दाराला तोंड देत येत होता.

त्याच दुपारी मध्यंतरात एक वयस्क जोडपं स्वच्छतागृहाकडे गेलं. सिन्नरकडचे होते, आजोबांच्या डोक्यावर टोपी, आजींच्या हातात कापडी पिशवी. परत येताना ते पहिलीऐवजी तिसऱ्या ऑडीत शिरले. पडद्यावर वेगळंच काही चाललंय हे त्यांना कळलं, पण जाहिरात असेल म्हणून बसून राहिले. थोड्या वेळाने सिक्युरिटीच्या पोराने टॉर्च सरळ त्यांच्या तोंडावर मारला आणि म्हणाला, “तिकीट कुठंय? उठा.” आजींनी बटव्यातून घडी घातलेलं तिकीट काढलं. तिकीट खरं होतं, ऑडी पहिली. आजोबा एवढंच बोलले, “बाळा, नंबर कुठं दिसला नाही रे.” मी बाहेर येऊन बघितलं. दाराच्या स्टीलच्या चौकटीवर चार इंची स्टीलचाच आकडा बसवलेला, वरचा दिवा गेलेला. मलाही तो हात लावून वाचावा लागला. आणि त्याच ऑडीत शेवटच्या रांगेत चार मुलं आरामात पाय पसरून बसली होती. त्यांना मी स्वतः तीन चाळीसला पहिल्या ऑडीतून बाहेर पडताना पाहिलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण ती बावरलेली दिसत नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच दृश्यात आहे. दुसऱ्या ऑडीत सापडणाऱ्या माणसांत काही खरोखर चुकलेली असतात. काही ठरवून आलेली नसतात, पण दार उघडं दिसलं, अडवायला कोणी नाही, बाहेर ऊन आहे, म्हणून शिरतात. आणि थोडी घरून वेळापत्रक बघून आलेली असतात. चुकलेल्यांचा प्रश्न आकडा आणि बाण सोडवतात. सहज शिरणाऱ्यांचा प्रश्न वाट सोडवते. या दोन गोष्टी झाल्या की ठरवून आलेले तेवढे उरतात आणि ते नजरेत भरतात, कारण आता उलट्या दिशेने चालणारे तेवढेच असतात. ताकीद देणारा बोर्ड यातल्या एकाही जातीवर चालत नाही. चुकलेल्याला तो लागू नाही, सहज शिरणारा तो वाचत नाही आणि ठरवून आलेल्याने तो आधीच वाचलेला असतो.

वाटेचं तर नाशिककरांना मी काय सांगावं! २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. २०१५ ला रामकुंडाकडे न्यायची वाट वेगळी आणि परतीची वेगळी, यावर सगळा भर होता. आल्या वाटेने परतायचं नाही, हे या गावातल्या लहान पोरालाही समजतं. तेच लॉबीत आणा.

तुमच्या ऑडीत पडद्याच्या बाजूला खाली दारं असतील, आणि बहुतेक असतातच, तर शो सुटल्यावर पब्लिक तिथूनच थेट जिन्यावर काढा. पिक्चर संपायच्या पाच मिनिटं आधी तुमचा एक माणूस त्या दारात उभा राहिला पाहिजे. नावं सुरू झाली की पडद्याकडचे दिवे आधी लावा, लॉबीत उघडणाऱ्या मागच्या दाराकडचे जरा मागाहून. माणूस उजेडाकडे चालतो, त्याला ढकलावं लागत नाही. मागच्या दाराशी दुसरा माणूस, हसतमुख, हाताने खालची वाट दाखवत: “या बाजूने लवकर बाहेर पडाल.” पार्किंगला लवकर पोचायला मिळतं म्हटल्यावर लोक आनंदाने वळतात. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, व्हीलचेअर आहे, कडेवर मूल आहे, त्यांना मागच्याच दाराने सोडायचं आणि लिफ्टपर्यंत पोचवायचं. तिथे नियमावर बोट ठेवू नका.

खालची दारं वापरण्याजोगी नसतील, जिना अरुंद असेल किंवा तो शेजारच्या दुकानाच्या मागे निघत असेल, तर लॉबीतच पट्ट्याच्या खांबांनी दोन गल्ल्या करा. सुटणारी गल्ली जिन्याकडे, भरणारी गल्ली तिकीट तपासणीकडून. पट्टा कमरेइतका असतो, कोणीही उचलून जाऊ शकतो, पण पट्टा उचलून जाणं आणि सहज चालत जाणं यात फरक आहे. पट्टा उचलणारा माणूस इकडेतिकडे बघतो आणि त्या बघण्यावरूनच कळतो. मात्र एक पाहा. गर्दीत घाईची वेळ आली तर हे खांब पायात येऊन कोणी पडू नये, म्हणून आणीबाणीच्या दारासमोर ते कधीच नकोत.

स्टँडी आजच हलवा. यासाठी एक पैसाही लागत नाही. वितरकाचा माणूस ती सगळ्यांना दिसेल अशा जागी मागतो, आणि सगळ्यांना दिसणारी जागा म्हणजे नेमकी बाहेर जायच्या बाणासमोरची. त्याला तिकीट खिडकीजवळची भिंत द्या. लोक तिथे रांगेत उभे असतात, बघायला वेळ असतो, फोटोही तिथेच काढतात.

आता बोर्ड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बोर्ड म्हणजे फ्लेक्सवाल्याला फोनवर मजकूर सांगणं, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं.

सगळ्यांत मोठं काय हवं, तर दारावरचा आकडा. पिक्चरचं नाव दर शुक्रवारी बदलतं, आकडा बदलत नाही. निदान एक फूट उंचीचा आकडा, गडद दारावर पांढरा किंवा पिवळा, आणि दाराच्या वर. बाजूला लावलात तर दार उघडल्यावर झाकला जातो. शिवाय प्रत्येक दारापाशी भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली दोन्ही बाजूंनी वाचता येणारी पाटी हवी, दवाखान्यात किंवा बँकेत असते तशी. लॉबीतून चालणाऱ्या माणसाला सपाट भिंतीवरचं काही दिसत नाही, तो भिंतीला समांतर चालत असतो. पाट्यांची खालची कड सात फुटांच्या वर ठेवा. रिकाम्या लॉबीत डोळ्यांच्या उंचीवरचा बोर्ड छान दिसतो, पण शो सुटल्यावर तो दीडशे डोक्यांमागे जातो, आणि बोर्डाची खरी गरज तेव्हाच असते.

अक्षर किती मोठं? आमच्याकडे जुना हिशोब आहे: दहा फुटांवरून वाचायचं तर एक इंच. चाळीस फुटांच्या लॉबीला चार इंच. पण हा हिशोब इंग्रजी अक्षरांचा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, आणि फ्लेक्सवाला सगळं मिळून चार इंच धरतो. मग मूळ अक्षर अडीच इंचांवर येतं. त्याला सांगा, उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, मात्रा सोडून. बॅकलिट बोर्डावर फार ठळक फाँट घेऊ नका. मागून उजेड आला की ‘ब’, ‘ष’, ‘भ’ यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि लांबून सगळे ठोकळे दिसतात. मध्यम जाडीचं अक्षर, दोन अक्षरांत जरा जास्त जागा, आणि कापड चकचकीत नको, मॅट हवं. चकचकीत फ्लेक्सवर वरच्या ट्यूबचा पट्टा पडतो आणि अर्धी ओळ पांढरी होते.

प्रूफ कागदावर मागा आणि स्वतः वाचा. मोबाइलवर पाठवलेला युनिकोड मजकूर फ्लेक्सवाल्याच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी उडते नाहीतर भलत्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरंही तुटतात. ‘तिकीट’ आणि ‘स्क्रीन’ हे आपल्या कामाचे दोनच शब्द, आणि नेमके तेच फुटतात. मराठी माणसांच्या गावात मराठी थिएटरात मोडकी मराठी टांगलेली बघून मला मनापासून वाईट वाटतं.

शब्दही आपल्या पब्लिकचे घ्या. ‘ऑडी’ हा आपला आतला शब्द आहे, ओझर-दिंडोरीहून आलेल्या घराला तो गाडीचं नाव वाटतो. तिकिटावर ‘स्क्रीन’ छापलं असेल तर बोर्डावरही ‘स्क्रीन’च, ‘पडदा’ नको, ‘प्रेक्षागृह क्र.’ तर नकोच. ‘निर्गमन’ऐवजी ‘बाहेर’. ‘प्रसाधनगृह’ऐवजी ‘स्वच्छतागृह’, आणि सोबत चित्र. आकड्यांचं थोडं नाजूक आहे. बहुतेक तिकीट प्रणाल्या इंग्रजी अंक छापतात. माणूस तिकिटावरचा आकार आणि दारावरचा आकार जुळवतो, वाचत नाही. म्हणून दारावर तिकिटावरचाच आकडा मोठा घ्या, आणि खाली देवनागरी. निव्वळ देवनागरी घेतलात तर बारीक फाँटमध्ये लांबून १ आणि ९ सारखे दिसतात हे लक्षात ठेवा. नावाची मुख्य पाटी वेगळी. ती मराठीत देवनागरीत, आणि मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नाही, हा राज्याचा कायदाच आहे, २०२२ ची दुरुस्ती.

रंगांनी ऑडी ओळखू येतील असं डिझायनर सुचवेल. लाल, हिरवी, निळी. छान दिसतं, पण लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष कमी नाहीत, आणि हिरवा रंग थिएटरात एकाच गोष्टीसाठी राखून ठेवायचा असतो, बाहेर पडायच्या दारासाठी. दुसऱ्या ऑडीला हिरवी केलीत तर धुरात माणूस तिकडेच धावेल.

मजकुरावर येतो. मी गेलो होतो त्या थिएटरच्या मालकांनी सुचवलेली ओळ अशी होती: “एका तिकिटावर दुसरा चित्रपट पाहताना आढळल्यास पोलीस कारवाई करण्यात येईल.” ही ओळ कोण वाचतं? रांगेत उभं असलेलं कुटुंब, ज्यांनी चार तिकिटं, पार्किंग आणि पॉपकॉर्नचे पैसे मोजलेत. त्यांना आपण दारातच चोर म्हणतोय. आणि ज्याच्या डोक्यात हा विचार आलाच नव्हता, त्याला आपण सांगतोय की इथे असं करता येतं. मी त्या थिएटरात तीनच ओळी ठेवल्या. तिकीट खिडकीवर आणि तपासणीच्या टेबलाशी: “हे तिकीट याच शोचं आहे. शो सुटेपर्यंत जपून ठेवा.” प्रत्येक दाराशी: “तिकिटावरचा स्क्रीन नंबर आणि दारावरचा नंबर एकच आहे ना, पाहून आत जा.” आणि ऑडीतून बाहेर पडताना समोर, बाणाच्या खाली: “अजून एक पिक्चर बघायचाय? तिकीट खिडकी खाली, डाव्या हाताला.” या तिसऱ्या ओळीवर मालक नाराज होते. मला ती सगळ्यांत कामाची वाटते. दुसऱ्या पिक्चरची इच्छा होणं हा गुन्हा नाही, आपण सगळेच त्या इच्छेवर जगतो. तिला खिडकीची वाट दाखवली की निम्मं काम होतं, आणि “मला माहीत नव्हतं” म्हणायला कुणाला जागाही उरत नाही.

मध्यंतर ही आपली खास गळती आहे. आपल्याकडे निम्म्यावर सगळी ऑडी बाहेर येते आणि दहा मिनिटांनी परत भरते. दोन ऑडींचं मध्यंतर एकाच वेळी पडलं की लॉबीत कोण कुठला ते देवालाही कळणार नाही. कोल्ड्रिंकचा ग्लास हातात धरून माणूस कुठेही शिरला तरी तो तिथलाच वाटतो. म्हणून शो लावतानाच दोन मध्यंतरांत निदान पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. कँटीनची रांगही आटोक्यात राहते, ते मालकांना पटकन पटेल. मध्यंतरात ऑडीचं एकच दार भरतीला उघडं ठेवा, बाकीची लावलेली, पण आतून उघडतील अशी. दारातल्या माणसाने सगळ्यांची तिकिटं पुन्हा मागू नयेत, रांग लागते आणि लोक चिडतात. त्याने फक्त मोठ्याने सांगायचं: “स्क्रीन दोन, स्क्रीन दोन.” चुकलेला तिथेच थांबतो. मोबाइल तिकिटाचा कोड एकदा स्कॅन झाला की दुसऱ्यांदा ‘वापरलेलं’ असं येतं, त्यामुळे शंका आली तर कोडवर नाही, तिकिटावरच्या वेळेवर आणि स्क्रीनवर बघायचं, हेही त्याला शिकवा.

वेळापत्रकही असंच. पहिली ऑडी सव्वातीनला सुटत असेल आणि दुसरी तीन वीसला सुरू होत असेल, तर तुम्ही फुकट्याला हातात हात घालून नेताय. दुसरीची वेळ पावणेतीन करा, म्हणजे त्याचा अर्धा तास गेलेला असेल. नाहीतर पावणेचार करा, म्हणजे त्याला अर्धा तास लॉबीत घुटमळावं लागेल, आणि घुटमळणाऱ्याला जाऊन विचारता येतं, “दादा, तिकीट काढायचंय का, खिडकी खाली आहे.” तीन पडदे आणि वेगवेगळ्या लांबीचे पिक्चर म्हटल्यावर प्रत्येक वेळी हे जमत नाही. शनिवार-रविवारी तर नाहीच. पण शनिवार-रविवारी गरजही कमी असते, ऑडी भरलेल्या असतात आणि जागेचा खरा मालक येऊन उठवतो. दुखणं सोमवार ते गुरुवार, दुपारचं आहे.

बोर्डांवर खर्च करण्याआधी चौदा दिवस मोजा. शो सुरू होऊन अर्धा तास झाला की तुमच्या माणसाने आत जाऊन डोकी मोजायची, टॉर्च पायाशी, आवाज नाही. तो आकडा आणि प्रणालीतली विक्री शेजारी शेजारी लिहायची. आता यात चकवे आहेत. मांडीवरची लहान मुलं तिकिटाविना असतात, ती वगळा. तिकीट काढून न आलेले असतात, त्यामुळे आकडा बरोबर जुळला तरी आत दोन फुकटे असू शकतात. आणि बरेच लोक आपली खुर्ची सोडून मागच्या रिकाम्या रांगेत सरकतात, त्यामुळे न विकलेल्या खुर्चीवर माणूस दिसला म्हणजे तो चोर, असं धरायचं नाही. एका शोचा आकडा काहीच सांगत नाही. चौदा दिवसांचा सांगतो, कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कुठल्या दारातून. कमी माणसांत काम भागवायचं असेल तर त्याच वेळेला एक माणूस अशा कोपऱ्यात उभा करा, जिथून तिन्ही दारं दिसतात. बाकीचा वेळ त्याला दुसरं काम द्या.

मालक विचारतील, रिकाम्या खुर्चीत कोणी बसलं तर आपलं काय गेलं? हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय, आणि याचं उत्तर मी कळकळीने देतो. प्रत्येक पिक्चरची रोजची विक्री डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या विक्रीच्या अहवालात, जाते आणि त्यावर वितरकाचा हिस्सा ठरतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण मिटलं तेव्हा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० असा हिशोब बसला. तुमचा करार वेगळा असेल, पण तत्त्व तेच. तिकीट २३६ रुपयांचं असेल तर त्यात ३६ रुपये जीएसटी, उरलेल्या २०० तले १०० पहिल्या आठवड्यात वितरकाचे. पैशापेक्षाही मोठं म्हणजे आकडा. सोमवारी-मंगळवारी पुढच्या शुक्रवारचे शो ठरतात ते याच विक्रीवर. मोठा हिंदी पिक्चर बघून सुटलेली चार मुलं शेजारच्या मराठी पिक्चरला बसली, पोटभर हसली, बाहेर जाऊन चांगलंही बोलली, तरी कागदावर त्या शोला अकराच तिकिटं. तीच चार तिकिटं धरली असती तर पंधरा. दुपारच्या शोला अकरा आणि पंधरा यांत त्या पिक्चरचा शो राहणं किंवा जाणं असतं. मराठी पिक्चरला शो मिळत नाहीत म्हणून आपण सगळे हळहळतो. मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलोय, शो कापलेत, आणि नंतर कळलंय की आत माणसं होती.

कायद्याची एक बाजू मात्र अजिबात हलकी नाही. ‘ए’ प्रमाणपत्राच्या पिक्चरला अठराच्या आतलं कोणी बसलं तर दोष थिएटरकडे येतो, त्याने तिकीट कशाचं काढलं होतं हे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून ज्या ऑडीत ‘ए’ पिक्चर आहे तिच्या दारात माणूस हवाच, मोजणी काहीही सांगो. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत. ते पालकांच्या माहितीसाठी आहेत, तिथे अडवायचं नाही, पण दारावरच्या पाटीत वर्ग लिहायचा. त्याच दुरुस्तीने पडद्यावरचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि निदान तीन लाख दंड ठेवलाय. याचा बोर्ड लावा, तो लावण्यासारखा आहे.

राहता राहिला सापडलेला माणूस. टॉर्च तोंडावर नको, पायाशी. वाकून, हळू आवाजात, पहिलं वाक्य नेहमी तेच: “तुमची सीट शोधून देऊ का? तिकीट दाखवता?” चुकलेला असेल तर लगेच उठतो आणि तुम्ही त्याला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवता. चुकलेला नसेल तर त्यालाही कळतं की तुम्हाला कळलंय. बाई किंवा मुली असतील तर बाई कर्मचारीच जाईल. अंगाला हात नाही, मोबाइल हिसकावणं नाही, फोटो काढून लॉबीत लावणं तर मुळीच नाही. मग बाहेर लॉबीत बोलवायचं आणि सांगायचं, “या शोचं तिकीट काढा आणि बसा, नाहीतर जिना इकडे आहे.” आरडाओरडा झाला तर मॅनेजर, मारामारीवर आलं तर ११२. माझ्या अनुभवात ती वेळ क्वचित येते. त्या मंगळवारच्या चार मुलांशी मीच बोललो. दोघं निघून गेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि खिशात हात घातला.

तेव्हा अडचण आमच्याच बाजूला निघाली. शो सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती आणि प्रणालीने त्या शोची विक्री बंद केली होती. बुकिंगवरची मुलगी पुढच्या शोचं तिकीट देऊ म्हणाली. तसं करू नका, तो आकडा चुकीच्या शोवर चढतो. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला आजच फोन करून खिडकीवरची विक्री मध्यंतरापर्यंत उघडी ठेवायला सांगा.